गर्दीत चालणारा, रिकामा बसला की गोठणारा संगणक: सांगलीच्या एका अडत दुकानातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान. नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, तांत्रिक तपशील घडले तसे ठेवले आहेत.

दुकानात दोन संगणक. एक आतल्या खोलीत, त्यावर टॅली. तो विंडोजवर आहे आणि त्याची काही तक्रार नाही. दुसरा बाहेर पेढीवर, दिवाणजींच्या हाताशी. सौदे झाले की शेतकऱ्याच्या नावावर पोती, वजन आणि दर चढवायचा, हमाली-तोलाई धरायची आणि हिशेबपट्टी छापून हातात द्यायची, एवढंच त्याचं काम. पट्टीचा प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे त्याला विंडोजच पाहिजे असं काही नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

बाहेरचं मशीन २०१७ च्या शेवटी जुळवलेलं. रायझन ३ १२०० हा चार कोअरचा प्रोसेसर, ए-३२० चिपसेटचा बोर्ड, आठ जीबी रॅम. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून जीटी ७१० हे साधं कार्ड. कॅबिनेट आणि त्यातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मात्र त्याच्याही आधीच्या मशीनचा. 'चालतोय की, कशाला टाकायचा' या हिशोबाने तोच ठेवलेला. आपल्याकडे निम्मी मशीन अशीच जुळतात, त्यात वावगं काही नाही.

सात-आठ वर्षं हे मशीन विंडोज १० वर बिनबोभाट चाललं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ च्या प्रोसेसर यादीत पहिल्या पिढीचे रायझन बसत नाहीत. मालकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने विंडोज असलेला जुना एसएसडी (डिस्क) काढून कपाटात ठेवला, नवा बसवला आणि त्यावर लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. प्रिंटर चालला, मराठी टायपिंग चाललं, मशीन आधीपेक्षा चपळ झालं. दिवाणजींनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग सवय झाली.

अडचण

पहिल्याच आठवड्यात मशीन गोठायला लागलं. गोठणं म्हणजे नुसतं संथ होणं नव्हे. पडदा आहे तसा उभा, माऊसचा बाण जागचा हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांवर थांबलेलं आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन. कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डचा दिवा पेटत नाही. बटण दाबून धरून बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं, दुसरा इलाज नाही.

कधी दिवसातून दोनदा, कधी तीन दिवस काहीच नाही. हे मधले चांगले दिवस या प्रकरणात सगळ्यात जास्त नडले. कुणीही काहीही केलं की दोन-तीन दिवस चांगले जायचे आणि 'झालं' असं वाटायचं.

पैशाचं नुकसान फार नव्हतं, भरवशाचं होतं. जेवून आल्यावर मशीन मेलेलं असायचं. समोर शेतकरी पट्टीसाठी थांबलेला, त्याला जतची एसटी गाठायची घाई, आणि दिवाणजी मशीन परत उठायची वाट बघत. शेवटी त्यांनी जुनं पट्टीबुक बाहेर काढलं आणि कार्बन घालून हाताने पट्ट्या करायला लागले. नवी हळद यायला अजून थोडा अवकाश होता. हंगामात हे असं चालणार नाही, हे मालकांना स्पष्ट दिसत होतं.

आधी काय काय करून झालं होतं

पहिल्यांदा नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडलं आणि सगळ्यांची खात्रीच पटली. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेला पिवळी साय धरलेली, हीटसिंकच्या पट्ट्यांमधल्या फटी हळदीच्या बारीक भुकटीने बुजलेल्या, एसएमपीएसच्या जाळीवर बोट फिरवलं तर बोट पिवळं. यार्डातलं कुठलंही मशीन उघडा, आत हेच दिसतं. त्याने ब्लोअर मारला, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली, रॅम काढून तिचे कॉन्टॅक्ट खोडरबरने घासले, दुसऱ्या खाचेत बसवली, केबली घट्ट केल्या. सगळं एका बैठकीत.

पुढचे दोन दिवस सौद्यांचे होते. मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबलं आणि एकदाही थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी काम कमी होतं, दुपारी मशीन गोठलं.

मग संशय लाईटवर गेला. दुपारी आसपासच्या मोटारी चालू-बंद होतात, व्होल्टेज वर-खाली होतं, असं शेजारच्या गाळ्यातल्यांचं मत पडलं. यूपीएस आणला. तो वाया गेला नाही, पुढे वेगळ्याच कामाला आला. गोठणं मात्र तसंच राहिलं.

तिसरा संशय ग्राफिक्सवर. हा पुतण्याचा, आणि तो अगदीच हवेतला नव्हता. लिनक्समध्ये एनव्हिडिया कार्डासाठी आपोआप येणारा नूव्हो ड्रायव्हर काही कार्डांवर अडखळतो, हे खरं आहे. जीटी ७१० च्या पिढीला चालणारी कंपनीची शेवटची ड्रायव्हर मालिका ४७० ची, ती त्याने टाकली. स्क्रोल करताना पडद्यावर येणारी फाटकी रेघ गेली. एक खोट खरोखरच दूर झाल्यामुळे मूळ रोगही गेला असं सगळ्यांनी धरलं. चार दिवसांनी मशीन पुन्हा गोठलं.

दिवाणजींची यादी

या टप्प्यावर मला बोलावलं. मी विचारलं, मशीन कधी गोठतं? मालक म्हणाले, "कधीही." पुतण्या म्हणाला, "रँडम आहे." दिवाणजी काही बोलले नाहीत. त्यांनी जुन्या रोजमेळाचं शेवटचं पान उघडून समोर सरकवलं. पेन्सिलीने तारीख, वेळ आणि पुढे एक-दोन शब्द: 'जेवण', 'सौदा सुरू व्हायचा होता', 'चहा', 'बँकेत गेलो होतो'. एका ओळीपुढे 'यार्ड बंद, मशीन चालू राहिले होते, रात्री २.१० वर थांबलेले'.

ते पान वाचल्यावर 'रँडम' हा शब्द टिकला नाही. पट्ट्यांची रांग लागलेली असताना मशीन एकदाही गोठलं नव्हतं. सगळ्या नोंदी कुणी मशीनला हात लावत नसतानाच्या.

उष्णता, सैल रॅम, कमजोर व्होल्टेज या सगळ्या तक्रारी कामाचा ताण पडला की वर येतात. इथे ताणात मशीन ठणठणीत होतं आणि मोकळं बसलं की मरत होतं. पोती भरायला आलेला टेम्पोवाला हे सगळं उभ्या-उभ्या ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, घाटात गाडी पळतीया आन् सिग्नलला बंद पडतीया म्हंजे आयडलिंग कमी हाय. वाढवा की त्याचं आयडलिंग." निदान म्हणून यापेक्षा नेमकं वाक्य नंतर मलाही सुचलं नाही.

तपासणी

संशय एका दिशेला गेला म्हणून बाकीचे दरवाजे लगेच बंद करायचे नसतात. जे स्वस्तात आणि काही न बदलता तपासता येतं, ते आधी तपासलं.

पहिली गोष्ट, नक्की काय गोठतंय? एखादा प्रोग्राम अडकला तर माऊस हलतो. पडद्याचा भाग अडकला तर पडदा उभा राहतो, पण आतलं मशीन जिवंत असतं आणि नेटवर्कवर उत्तर देतं. सगळंच मेलं तर नेटवर्कही गप्प होतं. आतल्या टॅलीच्या संगणकावरून बाहेरच्या मशीनला सतत पिंग, म्हणजे 'जिवंत आहेस का' अशी हाक, लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरचं घड्याळ आणि पिंगची उत्तरं एकाच मिनिटाला थांबली. म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर मुख्य संशयित राहिला नाही. ही तपासणी फुकटची, दहा मिनिटांची. ती ड्रायव्हर बदलण्याआधी झाली असती तर ती फेरी वाचली असती.

दुसरी, नोंदी. लिनक्समध्ये मागच्या वेळच्या बूटच्या नोंदी वाचता येतात. गोठण्याच्या आधी काही चूक लिहिलेली सापडेल अशी अपेक्षा असते. इथे शेवटची ओळ नेहमीच्या एका वेळापत्रकी कामाची होती आणि त्यानंतर काही नाही. ना डिस्कची तक्रार, ना मेमरीची. कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, लिहायलाही सवड मिळाली नव्हती. एवढ्यावरून कारण कळत नाही, पण पिंगच्या पुराव्याला हे जुळत होतं.

तिसरी, मेमरी. मेमटेस्ट रात्रभर चालवली. सकाळी एकही चूक नाही. मेमरी चांगली आहे हा त्याचा सरळ अर्थ. दुसरा अर्थ जास्त कामाचा होता: मेमटेस्ट प्रोसेसरला क्षणभर बसू देत नाही, आणि त्या आख्ख्या रात्रीत मशीन गोठलं नाही. त्याच्या आदल्या रात्री नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला होता, तेव्हा ते पहाटेच्या आत गेलं होतं.

चौथी तपासणी पुतण्याच्या चांगल्या सवयीमुळे शक्य झाली. त्याने जुना एसएसडी पुसून वापरला नव्हता, कपाटात जपून ठेवला होता. तो परत जोडला, नेटची केबल काढली आणि जुनं विंडोज १० रात्रभर रिकामं सोडलं. पडदा बंद होऊ दिला, पण मशीनला झोपवायची सेटिंग बंद ठेवली. सकाळी घड्याळ बरोबर चाललेलं. पुढच्या रात्रीही तेच. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तोच एसएमपीएस, तीच लाईट. फरक फक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा.

मग बिघडलंय काय?

इथे मालकांचा प्रश्न रास्त होता: "पार्ट सगळे चांगले, लिनक्सपण चांगलं, मग मरतंय कोण?"

प्रोसेसरला काम नसलं की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला विश्रांतीला पाठवते. या विश्रांतीच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. वरच्या पायरीवर, सी-१ वर, कोअर नुसता थांबतो. खाली सी-६ सारख्या खोल पायरीवर त्याचं व्होल्टेज जवळजवळ काढून घेतलं जातं आणि वीज वाचते. कधी आणि किती खोल पाठवायचं हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा. विंडोज आणि लिनक्स तो आपापल्या पद्धतीने घेतात. त्यामुळे एकीकडे वर्षानुवर्षं न दिसलेली अडचण दुसरीकडे आठवड्यात दिसू शकते.

दुसरी बाजू एसएमपीएसची. सगळे कोअर खोल झोपले की १२ व्होल्टच्या लाईनवर ओढला जाणारा करंट अगदीच नगण्य होतो. जुन्या रचनेच्या एसएमपीएसना किमान काहीतरी भार लागतो, तो नसला तर त्यांचं व्होल्टेज नीट राहत नाही. ही भानगड नवी नाही. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हाच यावर चर्चा झाली होती, कारण त्यांच्या खोल झोपेत ही गरज ०.०५ अँपिअरपर्यंत खाली आली होती. तेव्हापासून एसएमपीएसच्या खोक्यांवर हॅसवेलला चालतो असं छापायला लागले.

तिसरा धागा रायझनचा. हे प्रोसेसर २०१७ मध्ये बाजारात आले आणि त्याच वर्षी लिनक्स कर्नेलच्या बग नोंदवहीत १९६६८३ क्रमांकाची तक्रार उघडली गेली. पहिल्या पिढीचं रायझन मशीन अधूनमधून लॉक होतं, अशी ती तक्रार. पुढे वेगवेगळ्या लोकांनी तिथे बरंच लिहिलं आणि रिकामं असताना गोठणं हा त्यातला ठळक धागा. बोर्डांच्या पुढच्या बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये) 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाची सेटिंग आली. तिच्यात ऑटो, लो करंट आणि टिपिकल करंट असे पर्याय असतात. टिपिकल निवडलं की मशीन रिकामं असतानाही करंट फार खाली जाऊ दिला जात नाही. टेम्पोवाल्याच्या भाषेत, आयडलिंग वाढतं.

म्हणून मालकांना दिलेलं उत्तर असं: एकट्याने कुणीच मारत नाहीये. हा प्रोसेसर, हा जुना बायोस, बहुधा हा एसएमपीएस आणि ही ऑपरेटिंग सिस्टिम, यांचं एकमेकांशी जमत नाहीये.

कोणते पर्याय होते

परत विंडोज १० वर जाणं हा सगळ्यात सोपा. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय ठेवली आहे. पण तिच्या अटी घरगुती वापराला धरून आहेत, दुकानाच्या मशीनला ती वापरावी का हा वेगळा प्रश्न, आणि तेवढं करूनही एका वर्षानंतर याच जागी परत यायचं.

अटी चुकवून विंडोज ११ टाकणं यार्डात बरेच जण करतात. ते चालतंही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर शेतकऱ्यांची पट्टी होते तिथे हा जुगार मला पटला नाही आणि मालकांनाही.

नवा संगणक घेणं मालकांच्या ओठावर होतंच. नेमके त्या दिवसांत रॅमचे भाव चढलेले. दोन महिने थांबून भाव उतरतील का, याचा अंदाज हळदीच्या व्यापाऱ्यालाही आला नाही.

उरला चौथा पर्याय, याच मशीनला जमवून घेणं. पैसे जवळजवळ लागणार नव्हते, पण वेळ लागणार होता, आणि हंगाम तोंडावर होता. मालकांनी मुदत घातली: नवी हळद यायच्या आत जमलं तर ठीक, नाहीतर विंडोजचा एसएसडी परत जोडायचा आणि हंगाम काढायचा. ही मुदत घालणं हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता असं मला वाटतं. मागे फिरायची वाट ठरलेली होती, म्हणून पुढचे प्रयोग कुणी घाईने केले नाहीत.

काय केलं

आधी संशय पक्का करायचा होता, तोही बायोसला हात न लावता. लिनक्स बूट होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत शिरून कर्नेलला त्या एका बूटपुरती सूचना देता येते. सी-१ च्या खाली जाऊ नको, अशी सूचना दिली. मशीन रीस्टार्ट केलं की ती जाते, त्यामुळे धोका काहीच नाही. शनिवारी दुपारी सूचना देऊन मशीन चालू सोडलं. सोमवारी सकाळी घड्याळ चालू, पिंग चालू. आठवडाभर तसंच ठेवलं, काही झालं नाही.

इथे मतभेद झाला. मला ती सूचना काढून बघायची होती. मालक म्हणाले, "चाललंय न्हवं? मग कशाला छेडताय?" त्यांच्या जागी ते बरोबर होते. पण याआधीही तीन-चार दिवस चांगले गेले होते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी फसलं होतं. सूचना काढल्यावर गोठणं परत आलं तरच तीच कारणीभूत म्हणता येत होतं. दिवाणजी माझ्या बाजूने बोलले आणि निकाल लागला. सूचना काढली. त्याच रात्री मशीन गोठलं. एरवी ज्याने कपाळाला आठी पडली असती, ते बघून त्या दिवशी सकाळी सगळ्यांना बरं वाटलं.

आता कायमचा उपाय कुठे करायचा? कर्नेलची सूचना कायमची लिहून ठेवणं पाच मिनिटांचं काम. पण मग प्रोसेसरला खोल विश्रांती कधीच नाही, वीज थोडी जास्त, आणि बाकीचे कोअर झोपलेले असताना एखाद्या कोअरला मिळणारा वेगाचा जोर कमी होतो. शिवाय उद्या कुणी मिंट पुन्हा टाकलं तर सूचना पुसली जाणार आणि हे रामायण कुणाला आठवणारही नाही. बायोसची सेटिंग जास्त नेमकी आणि सौम्य. पण बोर्डावरचा बायोस २०१७ चाच होता, त्यात ही सेटिंगच नव्हती. बायोस अपडेट करावा लागणार होता, आणि ते चालू असताना लाईट गेली तर बोर्ड बाद.

इथे तो यूपीएस कामाला आला. आधी त्याची बॅटरी पारखली. प्लग काढून मशीन त्यावर किती वेळ तग धरतं ते पाहिलं. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रत्येक बायोस आवृत्तीखालची टीप वाचली. हे वाचणं लोक टाळतात. ए-३२० सारख्या बोर्डांना पुढच्या काही आवृत्त्यांनी नव्या प्रोसेसरसाठी जागा करताना काही जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला आहे, आणि कित्येकदा थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. इथेही मधल्या एका आवृत्तीवर थांबून पुढे जायचं होतं. आम्ही शेवटच्या आवृत्तीपर्यंत गेलोच नाही. ज्या आवृत्तीत सेटिंग मिळाली आणि ज्यात आपल्या प्रोसेसरचा आधार शाबूत होता, तिथे थांबलो. जाता जाता एक: विंडोजच्या मशीनवर बिटलॉकर (डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवावी.

संध्याकाळी शेवटची पट्टी झाल्यावर फॅट-३२ ने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून अपडेट केलं. मग ॲडव्हान्स्ड, त्यात एएमडी सीबीएस, त्यात पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल, आणि ऑटोच्या जागी टिपिकल करंट आयडल. कर्नेलची सूचना लावली नाही. एका वेळी एकच बदल, हे यावेळी सगळ्यांनी पाळलं.

परिणाम

मशीन रिकामं असताना गोठायचं थांबलं. जेवणाच्या वेळी, रात्री, बंदच्या दिवशी, कुठेच नाही. दिवाणजींनी पट्टीबुक परत कपाटात टाकलं, पण रोजमेळाचं शेवटचं पान चालू ठेवलं. हंगाम सुरू झाला, सौद्यांची गर्दी वाढली, मशीन चाललं.

आणि मग एका सुट्टीनंतरच्या दुपारी ते पुन्हा गोठलं.

पुतण्याला वाटलं, नुकत्याच आलेल्या कर्नेल अपडेटने घोळ केला. तसं होऊ शकतं, आणि तो जुन्या कर्नेलवर जायच्या तयारीत होता. पण दिवाणजींच्या पानावर त्या सकाळची वेगळीच ओळ होती: 'उघडल्यावर ब्राउझर म्हणाला कनेक्शन सुरक्षित नाही, पाच मिनिटांनी आपोआप बरे झाले'. ब्राउझर असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा मशीनची तारीख चुकलेली असते. नेटवरून तारीख दुरुस्त झाली की तक्रार जाते. तारीख का चुकली? सुट्टीत दुकानाचा मेन स्विच बंद होता, आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर-२०३२, आठ वर्षांचा. सेल संपला, लाईट बंद राहिली, बायोस मूळ सेटिंगवर गेला आणि आयडल कंट्रोल पुन्हा ऑटोवर.

सेल बदलला, सेटिंग परत लावली. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: कुठली सेटिंग, कुठे आहे, काय ठेवायची, आणि तारीख चुकलेली दिसली तर आधी हे बघा. त्यानंतर गोठण्याची नोंद नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दिवाणजींची यादी पहिल्या आठवड्यापासून होती. दुरुस्तीवाल्याने ती मागितली नाही आणि दिवाणजींनी आपणहून दाखवली नाही, कारण 'कॉम्प्युटरवाल्याला हे कशाला'. त्या पानावर पंधरा मिनिटं घातली असती तर ब्लोअर आणि ड्रायव्हर दोन्ही बाजूला राहिले असते. साफसफाई करायला हवीच होती, पण ती दुरुस्ती म्हणून गणली जायला नको होती.

मिंट टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं होतं. पण तासभर, आणि तेही प्रिंटर, वायफाय, टायपिंग तपासत, म्हणजे मशीनला कामाला लावून. जुन्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवण्याआधी ती एक आख्खी रात्र रिकामी सोडून बघावी. या मशीनने तेव्हाच आपला स्वभाव दाखवला असता.

पहिल्या दुरुस्तीत चार-पाच बदल एकत्र झाले. त्यातला एखादा लागू पडला असता तरी कोणता ते कळलं नसतं.

एसएमपीएसचा प्रश्न मात्र उघडाच आहे. बायोसच्या सेटिंगने लक्षण गेलं, पण मुळात जुना एसएमपीएस कमी भार पेलत नव्हता की प्रोसेसर त्या खोल झोपेतून परत येताना अडकत होता, हे त्यावरून वेगळं करता येत नाही. दुसरा एखादा चांगला एसएमपीएस दोन रात्रींसाठी उसना आणून जोडला असता तर कळलं असतं, आणि ते बायोस अपडेटपेक्षा कमी धोक्याचं होतं. हंगामाची घाई होती म्हणून तो क्रम उलटा झाला. आता हंगाम उतरल्यावर नवा एसएमपीएस बसवायचं ठरलं आहे. बसवल्यावर सेटिंग मुद्दाम ऑटोवर नेऊन मशीन यार्डाच्या सुट्टीत चालू सोडणार आहोत, जुना विंडोजचा एसएसडी तोवर कपाटातच राहील.